पटलं नाही, तरी लिहीत राहिले

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातल्या संवादाचा विषय निघाला, की मराठी वाचकाला वाटतं, हे काही आपलं प्रकरण नव्हे. दोन हजार वर्षांची ती भाऊबंदकी, त्यातल्या हद्दपाऱ्या, कत्तली, सक्तीचे बाप्तिस्मे, सगळं युरोपातलं. आपण फार तर इतिहास म्हणून वाचायचं आणि हळहळायचं. या प्रस्तावनेचा सगळा रोख या समजुतीवर आहे. या दोन धर्मांमधला एक लांबलेला, अधूनमधून बोचरा पण एकंदरीत सभ्य संवाद मराठीत झालेला आहे. एका बाजूला कुलाबा जिल्ह्यातले तेलाचे घाणे चालवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड आणि अमेरिकेहून आलेले पाद्री. त्या संवादाचा जो शेवट झाला, जवळजवळ तोच ऐंशी वर्षांनी दोन जर्मन मित्रांच्या पत्रव्यवहारात झाला. ज्याला ख्रिस्ती करायला निघाले, तो ज्यू पूर्वीपेक्षा पक्का ज्यू होऊन बसला. मैत्री मात्र टिकली.

त्या जर्मन मित्रांची नावं फ्रान्झ रोझेनझ्वाइग आणि ऑयगेन रोझेनश्टोक. त्यांची १९१६ सालची पत्रं या विषयात मानदंड समजली जातात. त्या पत्रांपर्यंत वाचकाला नेऊन सोडणं हे माझं काम. पण माझी वाट कोकणातून जाते, आणि मी दिल्लीत राहतो म्हणून त्याआधी थोडी दिल्लीतून.

खान मार्केटपासून जवळ, हुमायूं रोडवर ज्युडा हायम सिनेगॉग आहे. १९५६ साली उभं राहिलेलं, बेताच्या आकाराचं, शेजारीच ज्यू दफनभूमी. दिल्लीत ज्यू कुटुंबं मोजकीच. शुक्रवारी संध्याकाळी जमणाऱ्यांत वकिलातींतले लोक आणि वाट वाकडी करून आलेले प्रवासीही असतात. सामूहिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात, आणि सनातनी रिवाजाप्रमाणे ती पुरुषच असावी लागतात. इथे बायकाही मोजतात. मूठभर समाजाने घेतलेला हा निर्णय मला धाडसाचा वाटतो आणि शहाणपणाचाही. अनेक वर्षं इथलं काम सांभाळलेले मानद सचिव एझिकेल आयझॅक मालेकर हे व्यवसायाने वकील आणि जन्माने बेने इस्रायली, म्हणजे घरची भाषा मराठी. राजधानीतल्या सर्वधर्म प्रार्थनांमध्ये ज्यूंच्या वतीने उभा राहणारा माणूस मराठी असावा, हे दिल्लीतल्या किती मराठी मंडळींना ठाऊक आहे, कोण जाणे.

दिल्लीला ज्यू माणूस तसा नवा नाही. जामा मशिदीच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांजवळ सरमदची कबर आहे. हा फारसी कवी जन्माने ज्यू. नंतर त्याने इस्लाम स्वीकारला असं म्हणतात. तो नेमका कोण होता याचा वाद त्याच्या हयातीतही मिटला नव्हता आणि औरंगजेबाच्या राजवटीत त्याचं डोकं उडवल्यावरही मिटला नाही. त्याने अभयचंद नावाच्या आपल्या हिंदू शिष्याला तोराह शिकवली, आणि त्या शिष्याने केलेला तिच्या सुरुवातीच्या भागाचा फारसी अनुवाद 'दबिस्तान-ए-मज़ाहिब' या ग्रंथात आला. सरमदचा मजार लाल रंगवलेला आहे, लगतचा हरेभरे शाहचा हिरवा. धर्मांच्या सरहद्दी आखायला निघालेल्याने या दोन मजारांपाशी थोडं थांबून जावं.

आता कोकण.

बेने इस्रायलांची पहिली लेखी खबर एका ख्रिस्ती माणसाच्या पत्रातच सापडते, हे आपल्या विषयाला शोभून दिसतं. १७३८ साली मद्रासकडच्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने कळवलं, की पश्चिम किनाऱ्याकडे काही लोक स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, त्यांच्याजवळ बायबल नाही आणि 'शेमा' एवढी एकच प्रार्थना त्यांना येते. माहिती ऐकीव होती, पण चुकीची नव्हती. पुढे १७६८ मध्ये कोचीनचे ज्यू व्यापारी एझिकेल रहाबी यांनी हेगच्या टोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात याच लोकांचा उल्लेख आला. अलिबाग, पेण, नागावच्या भागात राहणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारे, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणारे हे लोक. सणांची त्यांची नावं ऐकावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पूर हा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे त्यांचा दारफाळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचं, कोणाशी संबंध ठेवायचा नाही. कारण विचारलं तर वाडवडील करत आले, एवढंच.

इथे एक सावधगिरी. मिशनऱ्यांनी बेने इस्रायलांना ज्यू बनवलं, असं म्हणायची एक सोयीस्कर पद्धत आहे. ते खरं नाही. मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. कंपनीच्या फौजेतले हे अंमलदार टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी नवस फेडला, अशी परंपरा सांगते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री मुंबईत उतरले ते १८१३ मध्ये. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांचाही बेने इस्रायलांच्या धर्मशिक्षणात मोठा वाटा होता. तेव्हा पाद्र्यांनी झोपलेल्यांना जागं केलं, हा त्यांच्या अहवालांतला सूर तेवढा बाजूला ठेवावा.

पण त्यांच्या शाळांनी जे केलं ते लहान नव्हतं. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायलांची मुलं होती आणि मास्तरही होते. १८२६ च्या सुमारास मायकेल सार्गन हा ख्रिस्ती झालेला कोचीनचा ज्यू मुंबईत खास त्यांच्यासाठी शाळा काढायला आला. या सगळ्यात मोठं नाव जॉन विल्सन यांचं. १८२९ मध्ये हा स्कॉटिश पाद्री मुंबईत आला, मराठी शिकला, आणि १८३२ मध्ये त्याने हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीत लिहून छापलं. परक्या माणसाने तीन वर्षांत उचललेल्या मराठीतून बायबलची हिब्रू समजावून द्यायची, आणि तीही कोणाला? ज्यांच्या घरात ती भाषा एका प्रार्थनेपुरती उरली होती त्यांच्या मुलांना. ज्यांच्या पूर्वजांची भाषा, त्यांनाच ती परका शिकवतोय, आणि मधल्या पुलाचं काम करतेय ती दोघांनीही वेगवेगळ्या वाटांनी मिळवलेली मराठी.

विल्सनसाहेबांचा हिशेब लपलेला नव्हता. ज्यूंना आपलेच संदेष्टे मुळातून वाचता आले, तर त्यांना तिथे ख्रिस्ताची चाहूल लागेल, अशी त्यांची श्रद्धा होती. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतली, मराठीत छापून येणारा जुना करार घेतला. संदेष्टे वाचले. मग त्यांनी सणांच्या तिथी तपासल्या, राहून गेलेले विधी सुरू केले, सिनेगॉगं बांधली. बाप्तिस्मा घेणारे इतके थोडे निघाले, की मिशनच्या दृष्टीने हा खटाटोप जवळजवळ वायाच गेला. तरी संबंध तुटले नाहीत. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण त्याच मुंबईत त्याच विल्सनसाहेबांनी १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा शहर पेटलं होतं आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते. बेने इस्रायलांच्या बाबतीत असा गदारोळ झाल्याचं दिसत नाही. ते शांतपणे शिकत राहिले आणि शांतपणे नाही म्हणत राहिले.

का? एक कारण त्यांच्या स्वभावात शोधतात; मला ते पटत नाही. खरं कारण व्यवहारातलं असावं. युरोपात बाप्तिस्मा म्हणजे दार उघडणं होतं. प्राध्यापकी, न्यायाधीशाची खुर्ची, चांगल्या घरात सोयरीक, हे सगळं त्याच्या पलीकडे होतं. कोकणातल्या ज्यूला कोणतं दार बंद होतं? शेजाऱ्यांनी त्याला तेल्यांच्या शेजारची एक जात मानलं होतं, कंपनीच्या पलटणीत तो सुभेदार होत होता. बाप्तिस्म्याने त्याला नवं काही मिळणार नव्हतं, उलट आहे ती सोयरीकही जाणार होती. म्हणून इथे दोन धर्म एकमेकांसमोर बसले तेव्हा मधे लालूचही कमी होती आणि धाकही. युरोपात असं क्वचितच घडलं.

या शिक्षणातून जी पिढी निघाली तिच्यातली दोन नावं तरी सांगायलाच हवीत. जोसेफ एझिकेल राजपूरकर: डेव्हिड ससून यांच्या मुंबईतल्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, आणि ज्यूंची प्रार्थनापुस्तकं मराठीत आणणारे अनुवादक. दुसरे हाईम सॅम्युएल केहीमकर. त्यांनी १८७५ मध्ये आपल्या समाजासाठी मुंबईत शाळा काढली, म्हणजे मिशनच्या शाळेत जे मिळत होतं ते आपल्या छपराखाली मिळावं. १८९७ पर्यंत त्यांनी बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. पाद्र्यांचा हेतू ओळखूनही त्यांचे उपकार मानण्याइतका मोकळेपणा त्यांच्याजवळ होता. हे हस्तलिखित चाळीस वर्षं पडून राहिलं आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. छापून आणणारे इम्मॅन्युएल ओल्सव्हँगर हे १९३६ मध्ये ज्यू राष्ट्रीय चळवळीचे दूत म्हणून भारतात येऊन गांधीजींना भेटले होते. समोरच्या बाजूने मुंबईतले अँग्लिकन पाद्री जे. हेन्री लॉर्ड यांनी १९०७ मध्ये भारतातल्या ज्यूंवर पुस्तक लिहिलं. ते छापलं कोल्हापूरच्या मिशन प्रेसने, आणि त्यातले लेख आधी ज्या नियतकालिकात आले त्याच्या नावात चर्च आणि सिनेगॉग शेजारी शेजारी होते.

१८७४ साली पुण्यात छापलेली हग्गादा मला या सगळ्या ग्रंथांपेक्षा जास्त बोलकी वाटते. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायचं हे पुस्तक, हिब्रू आणि मराठी दोन्हीत. त्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरीची तयारी करताना दिसतात. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा मराठीत वाचून घेणाऱ्या या घरांना आता पाद्र्याची गरज उरली नव्हती.

आणि कीर्तन! अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी बायबलमधल्या कथांवर कीर्तनं रचली, आणि १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनीही कीर्तन सुरू केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे ही आख्यानं. साकी, दिंडी, ओवी हा साज. टाळ आणि बुवा दोन्हीकडे. ख्रिस्ती बुवा योसेफाच्या कथेतून येशूकडे वळणार, ज्यू बुवा योसेफावरच थांबणार. बाकी श्रोत्याच्या कानाला फरक फारसा नाही. धर्मसंवादाच्या परिषदांवर खर्च होणारा कागद पाहिला, की मला वाटतं, यांना एकदा अशी दोन कीर्तनं लागोपाठ ऐकवायला हवी होती.

हे चित्र फार गोड वाटू लागलं असेल तर निस्सीम एझिकेल वाचावेत. भायखळ्याच्या मिशन शाळेत शिकलेल्या या बेने इस्रायली कवीचे वडील विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते, स्वतः निस्सीमही तिथलेच विद्यार्थी. म्हणजे १८३२ च्या त्या व्याकरणाची ही तिसरी-चौथी पिढी म्हणायला हरकत नाही. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत ते सांगतात, की वर्गातल्या मुलांनी ख्रिस्ताला मारल्याचा आरोप त्यांच्या डोक्यावर ठेवला होता. कोकणात हा आरोप कोणी कोणावर केला नव्हता. तो बोटीतून आला, धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून पोरांच्या तोंडी बसला. पुढे १९८३ मध्ये साहित्य अकादमीने त्यांना पुरस्कार दिला तो 'लॅटर-डे साम्स' या संग्रहासाठी. त्यात त्यांनी स्तोत्रसंहितेशीच हुज्जत घातली आहे. ज्यू आणि ख्रिस्ती दोघंही जी स्तोत्रं आपली म्हणून म्हणतात त्यांच्याशी भांडणारा मुंबईकर, आणि त्याला मान देणारी दिल्लीच्या रवींद्र भवनातली संस्था.

पत्रांचं काय? मराठी माणसाने धर्मावर पत्रांतून, प्रेम न सोडता, कडकडून वाद घातल्याचं उदाहरण हवं असेल तर ते पंडिता रमाबाईंचं. तो वाद ज्यू-ख्रिस्ती नव्हे, ख्रिस्ती धर्माच्या आतला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चची सत्ता यांवरून त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांना जी पत्रं लिहिली ती वाचताना जेराल्डिनबाई हैराण का झाल्या हे कळतं. देव एकच, आणि मला पटेल तेवढंच मी मानीन, हा रमाबाईंचा हेका. शिष्येने गुरूला इतकं सडेतोड लिहावं आणि गुरूने ती सगळी पत्रं जपून ठेवावीत! जेराल्डिनबाईंनीच ती एकत्र केली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनात छापली. पुढे रमाबाई केडगावला मुळातल्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या. जर्मन पत्रांकडे वळणाऱ्या मराठी वाचकाने हा आवाज कानात ठेवून वळावं.

फ्रान्झ रोझेनझ्वाइगचा जन्म १८८६ चा, कासेल शहरातल्या सुखवस्तू ज्यू घरातला. धर्म नावापुरता. ऑयगेन रोझेनश्टोक त्याच्याहून वर्ष-दीड वर्षाने लहान, बर्लिनच्या ज्यू घरात जन्मलेला, पण तरुणपणीच बाप्तिस्मा घेऊन मनापासून ख्रिस्ती झालेला. १९१३ मध्ये रोझेनश्टोक लाइपझिग विद्यापीठात कायद्याचा इतिहास शिकवत होता आणि वयाने मोठा रोझेनझ्वाइग त्याच्या व्याख्यानांना बसत होता. त्या वर्षी ७ जुलैच्या रात्री हे दोघं आणि रुडॉल्फ एहरेनबेर्ग हा रोझेनझ्वाइगचा ख्रिस्ती चुलतभाऊ पहाटेपर्यंत बोलत बसले. संकटात तू काय करतोस, या रोखाच्या प्रश्नाला मित्राने दिलेलं साधं उत्तर, की मी जवळच्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करतो, रोझेनझ्वाइगला हलवून गेलं, असं सांगतात. इतका बुद्धिमान माणूस श्रद्धेने जगतो आणि आपल्याजवळ मात्र नुसतं तत्त्वज्ञान! त्याने ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. अट एकच: रिकाम्या हाताने नव्हे, ज्यू म्हणून आत शिरायचं.

म्हणून आधी ज्यू होऊन पाहावं लागलं. त्या ऑक्टोबरात बर्लिनच्या एका लहान सिनेगॉगमध्ये तो योम किप्पूरला बसला, आपल्या कोकणी मंडळींच्या दारफाळणीला, आणि बाहेर आला तो बेत रद्द करून, ही हकिगत त्याचा शिष्य नाहूम ग्लात्झर याने प्रसिद्ध केली. अलीकडचे अभ्यासक ती इतकी नाट्यमय घडली असेल का, याबद्दल शंका घेतात, मीही घेतो. पण महिन्याअखेरीस त्याने एहरेनबेर्गला लिहिलेल्या पत्राबद्दल शंका नाही. ख्रिस्तावाचून कोणी पित्याकडे पोचत नाही हे तुमचं म्हणणं मला कबूल, असा त्याचा युक्तिवाद, पण जो आधीच पित्याच्या घरात आहे त्याला पोचायचं कुठे? तो ज्यूच राहणार होता. मित्राच्या वादाला मित्राच्याच ग्रंथातून दिलेलं हे उत्तर.

तीन वर्षांनी, महायुद्धात, रोझेनझ्वाइग मॅसिडोनियाच्या आघाडीवर विमानविरोधी तोफांच्या तुकडीत होता आणि रोझेनश्टोक पश्चिमेला व्हर्दांकडे. मे ते डिसेंबर १९१६ या काळात दोघांमध्ये वीसेक पत्रं झाली. सुरुवातीला दोघंही अवघडलेले, १९१३ चा विषय कोणी काढायचा यावर अडलेले. मग एकदाचा बांध फुटतो. रोझेनश्टोक ज्यूंच्या हट्टावर घसरतो: ज्याचा काळ संपला ते कवटाळून बसलेले लोक. रोझेनझ्वाइग हात जोडत नाही. ज्यूंचा हट्ट हा तुमच्या धर्माचाच एक सिद्धांत आहे ना, मग तो सिद्धांत चालायला आम्ही इथे असायलाच हवं, असं तो परतवतो. आम्ही नसलो तर तुम्ही कशाची पूर्तता करणार? ख्रिस्ती माणूस सतत वाटेवर असतो, जगाला वळवत चाललेला. ज्यू पोचलेल्या जागी बसलेला. दोघांनाही एकमेकांचा राग येतो आणि दोघांचंही एकमेकांवाचून चालत नाही. दारूगोळ्यातून वाट काढत जाणाऱ्या लष्करी टपालात हा मजकूर होता. ती भाषा तापलेली आहे, कधी कधी अन्यायकारक आहे. मला तिचं मोल यातच वाटतं. परस्परांच्या धर्माची स्तुती करणारी पत्रं कोणीही लिहील.

त्यानंतर १९१८ मध्ये रोझेनझ्वाइगने आघाडीवरून आईला पाठवलेल्या लष्करी पोस्टकार्डांवर आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेतला. 'मुक्तीचा तारा' म्हणून आपण त्याला ओळखू शकतो, १९२१ मध्ये तो निघाला. लगेच पुढच्या वर्षी त्याला असाध्य आजार जडला. शरीर आणि वाचा हळूहळू गेली. पत्नी एडिथच्या मदतीने एकेक अक्षर दाखवत तो लिहीत राहिला, आणि मार्टिन बूबरबरोबर हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणत राहिला. १९२९ मध्ये तो गेला तेव्हा काम यशयापर्यंत आलं होतं. याच बूबरने १९३९ च्या फेब्रुवारीत, 'हरिजन'मधल्या ज्यूंवरच्या लेखाबद्दल, गांधीजींना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं; त्याला उत्तर आलं नाही. गांधीजींच्या एका ज्यू मित्राच्या, हर्मान कॅलनबाखच्या संग्रहातली पत्रं मात्र २०१२ मध्ये भारत सरकारने लिलावाआधी विकत घेतली आणि ती आता जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

रोझेनश्टोकने १९३३ मध्ये जर्मनी सोडली. बाप्तिस्म्याने उघडलेलं दार हिटलरने एका झटक्यात लावलं. हान्स एहरेनबेर्ग हा त्याच गोतावळ्यातला ख्रिस्ती पाद्री जन्माने ज्यू म्हणून १९३८ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छावणीत गेला. १९१६ ची पत्रं वाचताना ही सावली डोळ्यांआड करता येत नाही. त्यातले किती मुद्दे, किती चपखल वाक्यं, आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या देशात ज्यूंशी वाद घालायला ज्यूच उरले नाहीत. कोकणातल्या संवादाच्या पाठीशी असा शेवट नव्हता. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बरेच जण इस्राएलला गेले, पण कोणी हाकललं म्हणून नाही. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढून बसले.

कॅथलिक चर्चने ज्यूंबद्दलची आपली भाषा अधिकृतपणे बदलली ती ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेने. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे म्हणायला इतका उशीर लागला. निस्सीम तोवर चाळिशी ओलांडून गेले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात हे धोरण माणसांत उतरलं, आणि तिथेही मागे एक मैत्री होती. पोलंडमधल्या वाडोविसे गावात त्यांच्या वर्गात असलेला जेर्झी क्लुगर हा ज्यू मित्र युद्धानंतर अनेक वर्षांनी त्यांना रोममध्ये पुन्हा भेटला. १९८९ मध्ये, नाझींनी पाडलेल्या वाडोविसेच्या सिनेगॉगच्या जागी फलक लागला तेव्हा पोपनी क्लुगरला पत्र लिहिलं. याच पोपनी नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीत एका दिवशी गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये आशियात ख्रिस्ताचा प्रसार करण्याचं आवाहन असलेल्या दस्तऐवजावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी विज्ञान भवनात इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी संवाद केला. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. विल्सनसाहेबांना यात काही विसंगत वाटलं नसतं. माझ्या मते विसंगती आहेच, पण ती मिटवून संवाद करावा म्हटलं तर या विषयातलं अर्धं साहित्य जन्मालाच आलं नसतं.

वाचकाने एका गोष्टीचं भान ठेवावं. या संवादांचे कागद समसमान उरलेले नाहीत. रोझेनझ्वाइगने रोझेनश्टोकची पत्नी मार्ग्रिट हिला शेकडो पत्रं लिहिली. ती २००२ मध्ये छापली गेली. तिची उत्तरं उरली नाहीत. मुंबईतही तसंच. मिशनचे अहवाल, पाद्र्यांची चरित्रं, त्यांची व्याख्यानं छापील आणि जपलेली. १८३० च्या दशकात विल्सनसाहेबांच्या वर्गात बसून हिब्रूचे धातू घोकणाऱ्या पोराला काय वाटत होतं, घरी जाऊन तो आजीला काय सांगत होता, हे आपल्याला त्याच्या नातवांच्या पुस्तकांतून ताडावं लागतं. म्हणूनच कोकणातल्या संवादाबद्दल मी केलेली विधानं केहीमकरांकडे झुकलेली आहेत. एवढा पक्षपात मला मान्य आहे.

जर्मन पत्रांच्या बाबतीत ही अडचण नाही. दोन्ही बाजू हातात आहेत. १९३५ मध्ये, तेही बर्लिनमध्येच, रोझेनझ्वाइगच्या पत्रसंग्रहाला जोडून ती छापली गेली आणि १९६९ मध्ये इंग्रजीत आली. मे-जूनची शिष्टाचाराची पत्रं पहिल्यांदा वाचू नयेत, कंटाळा येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरुवात करावी, जिथे दोघं एकमेकांवर चिडलेले आहेत. हेगेल आणि शेलिंग यांचे संदर्भ कळले नाहीत तरी अडत नाही. पौलाचं रोमकरांस पत्र, त्यातला नववा ते अकरावा अध्याय, हाताशी असला म्हणजे पुरे, कारण भांडण बहुतेक त्याच्यावरच आहे. मराठी बायबलात तो सहज मिळेल.